आभाळातले डाग

नांदूरघाटच्या पेठेत माझं बी-बियाणांचं दुकान आहे आणि त्याला लागूनच उज्ज्वला देवकतेचा फोटो स्टुडिओ. दोन्हींच्या मधली भिंत विटांची नाही, पत्र्याची आहे. त्यामुळे "आजी, मान जराशी इकडं करा. हसलात तरी चालतंय, दात न्हाईत तर न्हाईत," असं ती गिऱ्हाइकाला सांगते ते मला गल्ल्यावर बसून ऐकू येतं. तिच्या कॅमेऱ्याचं जे काही झालं तेही मी असंच थोडं पत्र्याआडून ऐकलं. बाकीचं तिनेच सांगितलं, दुपारचा चहा घेताना.

उज्ज्वला मेंढपाळाची मुलगी. तिचे वडील हरिबा अजूनही आष्टीकडच्या माळांवर मेंढरं राखतात. दहावी झाल्यावर ती आष्टीतल्या एका स्टुडिओत कामाला लागली. पासपोर्ट फोटो कापायचे, लॅमिनेशन करायचं, अल्बमची पानं संगणकावर जुळवायची, असं काम. एकदा मालक लग्नाला गेलेला असताना एक बाई तान्हं लेकरू घेऊन आली आणि उज्ज्वलाने धीर करून त्या लेकराचा फोटो काढला. मालकाने परत आल्यावर तो पाहिला आणि म्हणाला, "इथून पुढं बायका-लेकरांचे फोटो तूच काढत जा."

लग्न होऊन ती आमच्या गावात आली. तिचा नवरा अंगद विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी भरून, म्हणजे नवी तार गुंडाळून, देतो. बोलायला कमी, पण माणूस समजूतदार. त्याने आपल्या दुकानात मधोमध पत्रा ठोकला, अर्ध्यात मोटारी ठेवल्या आणि अर्धं बायकोला दिलं. म्हणजे उज्ज्वलाच्या एका अंगाला तांब्याच्या तारा आणि दुसऱ्या अंगाला माझं कपाशीचं बी.

तिचं काम वाढलं ते बायकांमुळे. हळद असो, डोहाळजेवण असो, बाया तिच्यासमोर मोकळ्या बसतात. पण तिच्या मनाचं काम वेगळंच. दसऱ्याच्या पुढेमागे आमच्याकडच्या वाड्या-वस्त्यांवरून ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात. कर्ती माणसं जातात, म्हातारी मागे राहतात. निघायच्या आधी उज्ज्वला वस्तीवर जाते, म्हाताऱ्यांना मधे बसवते, बाकीच्यांना भोवती उभं करते आणि सगळ्या घराचा एक फोटो काढते. एक प्रिंट घरात राहते, दुसरी कारखान्यावरच्या कोपीत जाते. चिपाडाच्या त्या झोपडीत फोटो बांबूला बांधलेला असतो, असं मला टोळीतल्याच एका माणसाने सांगितलं होतं.

पुण्यातल्या एका फोटोग्राफरने धंदा बंद केला तेव्हा त्याचा मोठा कॅमेरा तिने घेतला. जुना होता, पण अंधाऱ्या घरातही फ्लॅशशिवाय माणसाचा चेहरा नितळ यायचा. मूळ बिल त्या माणसाला सापडलं नाही. उज्ज्वलानेही फार विचारलं नाही. कॅमेरा हातात आला होता, तेवढं तिला पुष्कळ होतं.

तो पहिल्यांदा बिघडला हे तिच्या लक्षात आलं नाही. आलं ते हरिबांच्या.

उन्हाळ्यात त्यांचा वाडगा, म्हणजे मेंढरांचा मुक्काम, आमच्या शिवाराजवळ बसला होता. उज्ज्वलाने जाऊन बापाचे आणि मेंढरांचे बरेच फोटो काढले आणि पुढच्या बाजारी ते आले तेव्हा त्यांच्या हातात प्रिंटा ठेवल्या. मी तिथेच होतो. म्हातारा एकेक फोटो डोळ्याजवळ नेऊन बघत होता. मेंढरांकडे बघून झालं, स्वतःच्या फेट्याकडे बघून झालं, आणि मग तो वरच्या बाजूला बघत बसला.

"ही घार लई धीट दिसती," हरिबा म्हणाले.

"कंची घार, आबा?"

"ही." त्यांनी आभाळाच्या कोपऱ्यात बोट ठेवलं. तिथे एक बारीक ठिपका होता. "ह्यात बी हाय. ह्यात बी हाय. मी हिकडं तोंड केलं तरी तितंच, तिकडं केलं तरी तितंच. त्या दिवशी आभाळात काय बी नव्हतं, पोरी. कोकरं सोबत असल्यावर मी वर बघितल्याबिगर ऱ्हात न्हाई."

उज्ज्वलाने फोटो हातात घेतले. घार नव्हतीच ती. तिने रबरी पंप दाबून कॅमेऱ्यात हवा मारली, बाहेर जाऊन नुसत्या आभाळाचा फोटो काढला आणि तो संगणकावर मोठा केला. तेव्हा मलाही दिसलं. एक नाही, अनेक ठिपके. कडेला जास्त, मधे विरळ. ओल्या हाताने कुणी काचेवर शिंतोडे उडवावेत तसे.

घरातल्या कमी उजेडातल्या फोटोंत ते दिसत नव्हते. बाहेर, लख्ख उजेडात, आभाळ नाहीतर पांढरी भिंत मागे असली की उमटायचे. म्हणून इतके दिवस कळलं नव्हतं. तिने आदल्या दसऱ्याचे वस्त्यांवरचे फोटो उघडून पाहिले, तर त्यांतही होते. तिला फार वाईट वाटलं. पुढचे कितीतरी दिवस ती एकेक फोटो उघडून माउसने एकेक डाग पुसत बसायची आणि नवी प्रिंट काढून ज्याची त्याला नेऊन द्यायची.

अंगद एकदा म्हणाला, "त्यांना दिसलं बी न्हाई. तू कावून बदलून देतीस?"

"मला दिसलंय न्हवं आता," ती म्हणाली.

मग ती कॅमेरा घेऊन बीडला गेली. तिथे एका दुरुस्तीवाल्याने लेन्स काढून आत बॅटरी मारली. उज्ज्वलाने त्याला मेंढरांचे फोटो दाखवले, कारण डाग त्यांतच ठळक होते. ते बघून तो माणूस म्हणाला, "बाई, मेंढरांच्या धुराळ्यात कॅमेरा घेऊन फिरल्यावर असंच होणार. सेन्सर खराब झालाय." सेन्सर म्हणजे कॅमेऱ्यातली ती बारीक चकाकणारी पाटी, जिच्यावर चित्र उमटतं. जुन्या कॅमेऱ्यात रोल जे काम करायचा ते. तो बदलायचा म्हणजे नवा कॅमेरा घेतल्यासारखंच, असं त्याने सांगितलं आणि वर सल्ला दिला, "एखाद्या नवख्याला देऊन टाका. घरातल्या घरात फोटो काढणाऱ्याला कळणार पण नाही."

ती परत आली. कॅमेरा गेला त्यापेक्षा तो मेंढरांमुळे गेला हे तिला लागलं होतं. ती मला म्हणाली, "काका, मी आबाचे फोटू काढायला नको होते का?" मी चहा पुढे केला.

शेवटी कॅमेरा विकायचा असं तिने ठरवलं आणि मोबाइलवरच्या एका गटात तसं टाकलं. केजहून शिवशंकर नावाचे शिक्षक बघायला आले. त्यांना पाखरांचे फोटो काढायची हौस होती. कॅमेरा त्यांना हातात घेताक्षणी आवडला. आवाज ऐकला, बटणं दाबून पाहिली, आणि घेतो म्हणाले.

"थांबा सर," उज्ज्वला म्हणाली. "हे आधी बघा."

तिने संगणकावर आभाळाचा तो फोटो लावला. शिवशंकर बराच वेळ बघत राहिले.

"तुम्ही दाखवलं नसतं तर मला कधी कळलं असतं?"

"तुमी पाखरांचे फोटू काढणार. पाखरू आभाळातच असतंय. पहिल्याच दिवशी कळलं असतं. पर तवर मी मोकळी झाले असते."

शिवशंकर हसले. कॅमेरा त्यांनी खाली ठेवला, तिच्याकडून तो आभाळाचा फोटो आपल्या मोबाइलवर पाठवून घेतला आणि निघून गेले. मला वाटलं, सौदा मोडला. सौदा मोडलाच होता, पण दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. घरी जाऊन त्यांनी इंटरनेटवर शोधाशोध केली होती. याच कॅमेऱ्याबद्दल ठिकठिकाणच्या लोकांनी हेच लिहिलं होतं, फोटोही तसेच टाकले होते. आणि कंपनीने स्वतः सूचना काढली होती. सेन्सरच्या पुढे जी काच असते तिच्यावरचा लेप काही कॅमेऱ्यांत खराब होतो. अशा कॅमेऱ्यांची तपासणी करून सेन्सर फुकट बदलून देऊ, असं त्यात होतं. सूचना इंग्रजीत होती. शिवशंकरांनी ती फोनवर ओळ-ओळ मराठीत सांगितली आणि उज्ज्वलाने त्यांना ती पुन्हा एकदा सांगायला लावली.

आता प्रश्न बिलाचा. अंगद म्हणाला, "बिल हारवलं म्हनून सांग. कुणाला काय कळतंय?"

"नगं. त्यांनी पुढं काय इचारलं तर मला नीट सांगता यायचं न्हाई."

शिवशंकरांनीच कंपनीला ईमेल लिहिली. तिच्या सांगण्यावरून त्यात सरळ लिहिलं, की कॅमेरा दुसऱ्याकडून घेतलेला आहे आणि बिल नाही. सोबत आभाळाचा फोटो जोडला. पुढच्याच आठवड्यात पुण्याच्या सर्व्हिस सेंटरमधून फोन आला. राजनंदिनी नाव सांगितलं त्या मुलीने. उज्ज्वलाला भीती वाटली म्हणून तिने फोन स्पीकरवर टाकला आणि मला, अंगदला खुणेने बोलावून घेतलं.

"ताई, तुमचा सीरियल नंबर मी पाहिला," राजनंदिनी म्हणाली. "सूचनेत ज्या कॅमेऱ्यांबद्दल लिहिलंय त्यातलाच तुमचा आहे."

"मॅडम, पर माझ्याकडं बिल न्हाई."

"वाचलं मी. बिल लागणार नाही. दोष कॅमेऱ्यात आहे ना? मग तो कुणाच्याही हातात असला तरी आमचाच."

उज्ज्वला एवढ्यावर थांबली असती तर चाललं असतं. पण तिच्या मनात जे अडकलं होतं ते बाहेर आलंच. "अन मेंढरांत नेला म्हनून झालं असंल तर?"

राजनंदिनीने विचारलं, "कशात नेला?"

मग उज्ज्वलाने सगळं सांगितलं. आबा, वाडगा, धुराळा, बीडचा दुरुस्तीवाला. अंगद कपाळाला हात लावून उभा होता. राजनंदिनीने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुम्ही कॅमेरा घेऊन या. आधी तपासणी होईल. धूळ असेल तर साफ करून देऊ. लेप गेला असेल तर सेन्सर बदलू. दोन्हींत तुमचं काही जात नाही."

गणपती झाल्यावर नवरा-बायको पुण्याला गेले. कुरिअरवर तिचा विश्वास नव्हता. कॅमेरा टॉवेलात गुंडाळून तिने एसटीत पूर्ण वाट मांडीवर धरला. आष्टी आली तेव्हा कॅमेऱ्याचं पुडकं अंगदच्या हातात देऊन तिने खिडकीतून आपल्या जुन्या स्टुडिओची पाटी दिसते का बघितलं, आणि पुन्हा मांडीवर घेतलं.

सर्व्हिस सेंटरमध्ये काचेचं काउंटर, मागे राजनंदिनी. फोनवर वाटली त्यापेक्षा लहान होती वयाने. कॅमेरा आत गेला. बऱ्याच वेळाने एक वयस्क तंत्रज्ञ बाहेर आले, कपाळावर भिंगाचा पट्टा, हातात लॅपटॉप. त्यांनी तो काउंटरवर उज्ज्वलाकडे वळवून ठेवला. सेन्सरच्या काचेचं कितीतरी पट मोठं केलेलं चित्र होतं त्यात. जुन्या माठाला बाहेरून खार फुटतो ना, तसे पांढरट चट्टे सगळीकडे.

"ही धूळ नाही," तंत्रज्ञ म्हणाले. "धूळ वर बसते, पुसली की जाते. इथे काचेचा लेपच फुटलाय. तुम्ही हा कॅमेरा कपाटात बंद करून ठेवला असता तरी हे झालंच असतं."

"म्हंजे मेंढरांमुळं न्हाई झालं?"

"नाही हो. मेंढरांचा यात काय संबंध?"

उज्ज्वला मागच्या खुर्चीवर बसली. तिला रडू आलं आणि तिने पदराने डोळे टिपले. तंत्रज्ञ गोंधळले. त्यांना वाटलं, आपण काही वाईट बातमी दिली की काय. राजनंदिनीने पाण्याचा ग्लास आणून दिला. तिला फोनवरची हकिगत आठवत होती, त्यामुळे तिला कळलं असावं.

अंगद म्हणाला, "त्या बीडवाल्याला हे सांगाय पायजे."

"सांगू. पर भांडायचं न्हाई," उज्ज्वला म्हणाली.

नवा सेन्सर परदेशातून यायचा होता. दिवाळी उलटेल, राजनंदिनी म्हणाली. हे ऐकून उज्ज्वलाचा चेहरा उतरला. दसऱ्याला टोळ्या निघणार होत्या. काही दिवसांपुरता दुसरा कॅमेरा मिळेल का, असं तिने विचारून पाहिलं. तशी सोय नव्हती. "नाही हो ताई, तेवढं माझ्या हातात नाही," राजनंदिनी म्हणाली, आणि ते ती मनापासून म्हणाली असं उज्ज्वला आजही सांगते.

गावात परतली तर दुसऱ्याच दिवशी वस्तीवरच्या केसरबाई स्टुडिओत हजर. त्यांची दोन्ही मुलं, सुना टोळीत जातात. "यंदा कवा येतीस, उज्ज्वला? आमच्या मुकादमानं गाडी सांगितलीया."

"मावशी, कॅमेरा पुण्याला दिलाय."

"मंग मोबाइलवर काढ की. आमाला काय, तोंडं दिसल्याशी मतलब."

"काढते," उज्ज्वला म्हणाली. पण केसरबाई गेल्यावर तिने मोबाइल हातात घेऊन उलटासुलटा केला आणि ठेवून दिला. तोंडं दिसली असती, यात वाद नव्हता.

आमच्या गावात आणखी एक फोटो स्टुडिओ आहे, स्टँडजवळ, अमरसिंह यांचा. वडिलांपासूनचा. उज्ज्वलाने पाटी लावल्यापासून हा माणूस तिच्याशी नीट बोलला नव्हता. "बाईमाणूस लग्नात कुठं चढणार अन कुठं पळणार," असं तो गिऱ्हाइकांना सांगायचा, आणि ते तिच्यापर्यंत पोचायचं. म्हणून एका सकाळी अमरसिंहांना तिच्या दारात बघितलं तेव्हा मी गिऱ्हाईक तसंच ठेवून बाहेर आलो. म्हटलं, काही बोलाचाली झाली तर मधे पडू.

अमरसिंहांनी खांद्यावरची पिशवी तिच्या काउंटरवर ठेवली.

"वहिनी, तुमचा कॅमेरा पुण्याला गेल्याचं ऐकलं. माझा दुसरा हाय ह्यात. जुना हाय, पर डाग न्हाई. टोळ्या जाईपातूर वापरा."

उज्ज्वलाने पिशवीला हात लावला नाही. "अन तुमचं काम?"

"माझ्याकडं एक हाय की."

"भाऊ, कावून देताय?"

अमरसिंह पत्र्याकडे बघत म्हणाले, "आईचा फोटू."

त्यांची आई छबुबाई. त्या आदल्या वर्षी गेल्या होत्या. "त्या दिवशी घरात फोटू हुडकायला लागलो," अमरसिंह म्हणाले. "आमी बाप-लेकांनी सगळ्या गावाचे फोटू काढले, वहिनी. आईचा एक बी धड सापडला न्हाई. कॅमेरा म्होरं धरला की ती म्हनायची, माझ्यावर कशाला रोल घालवतूस. आमी बी ऱ्हाऊ दिलं. मग वनमाला म्हनली, उज्ज्वलावहिनीकडं असंल बघा." वनमाला म्हणजे त्यांची पत्नी.

उज्ज्वलाकडे होता. कुणाच्या तरी हळदी-कुंकवाला छबुबाई शेजारणीचं काही ऐकून हसत होत्या, तोंडावर हात जायच्या आत तिने तो टिपला होता. वनमाला आली तेव्हा तिने तो मोठा करून, चौकट घालून दिला होता.

"तोच लावलाय भिंतीवर," अमरसिंह म्हणाले. "येनारा जानारा म्हनतो, म्हातारी आत्ता बोलंल. तवाच येऊन तुमाला सांगायचं होतं. पाय उचलला न्हाई."

उज्ज्वलाने अंगदला चहा सांगायला पाठवलं आणि स्टूल पुढे सरकवलं. अमरसिंह बसले. चहा येईपर्यंत त्यांनी तिला त्या कॅमेऱ्याचं एक बटण अडकतं ते दाखवलं, कसं दाबायचं ते सांगितलं. मी माझ्या गिऱ्हाइकाकडे परत गेलो.

त्या दसऱ्याला ती सगळ्या वस्त्यांवर गेली. केसरबाईंच्या दारात त्यांची सासू, पार थकलेली, बाजेवरून उठायला तयार नव्हती. उज्ज्वलाने सगळ्या घरालाच बाजेभोवती बसवलं. सुना पायथ्याशी, मुलं उशाशी, आणि बारकी नात म्हातारीच्या कुशीत. टोळी निघाली तेव्हा ती प्रिंट केसरबाईंच्या थोरल्या मुलाच्या पिशवीत होती.

कॅमेरा परत करायला ती अमरसिंहांच्या स्टुडिओत गेली. लग्नसराईत एकाच दिवशी दोन कामं आली तर आता ते एकमेकांकडे पाठवतात. फार गप्पा मारतात असं नाही. पण स्टँडवर भेट झाली की थांबतात.

दिवाळी होऊन थंडी पडायला लागली तेव्हा राजनंदिनीचा फोन आला. सेन्सर आला होता, बसवून झाला होता, तपासणीही झाली होती. रब्बीच्या दिवसांत शेतकऱ्यांच्या मोटारी धडाधड जळतात, अंगदला हलता येईना. उज्ज्वला एकटीच गेली.

काउंटरवर कॅमेरा ठेवला तेव्हा तिला तो आपला वाटेचना. हाताने धरायच्या जागेचं रबर झिजून सुटायला आलं होतं, तिथे नवं रबर होतं. सगळा कॅमेरा पुसून लख्ख केलेला.

"हे रबर मी न्हवतं सांगितलं," ती घाबरून म्हणाली.

"ते सरांनीच बदललं," राजनंदिनीने मागच्या तंत्रज्ञांकडे बोट केलं. "हातातून निसटला असता, म्हणाले. त्याचंही काही द्यायचं नाही. आता नेण्याआधी तपासून घ्या. तिकडे पांढरा कागद लावलाय."

उज्ज्वलाने कागदाचा फोटो काढला. स्वच्छ. बाहेर रस्त्यावर जाऊन इमारतींच्या वरच्या आभाळाचा काढला. स्क्रीनवर मोठा करून कोपरान् कोपरा पाहिला. स्वच्छ. ती आत आली आणि काउंटरपाशी नुसती उभी राहिली. काय बोलावं ते तिने एसटीत ठरवलं होतं. ते सगळं ती विसरली.

"आता एक माणसाचा काढून बघते," ती म्हणाली. "तुमचा काढू का, ताई?"

"माझा?" राजनंदिनीने केस मागे केले. "इथे रोज इतके कॅमेरे येतात. प्रत्येक कॅमेऱ्याने आम्ही त्या कागदाचाच फोटो काढतो. आमचा कुणी कशाला काढेल?"

"म्हनूनच तर. चला बाहेर, हितला उजेड चांगला न्हाई. सरांना बी बोलवा."

तंत्रज्ञ कपाळावरचा पट्टा काढून, खिशातल्या कंगव्याने केस नीट करत आले. दाराबाहेर गाड्या लावायच्या जागेत एका झाडाची सावली होती. उज्ज्वलाने दोघांना तिथे उभं केलं. दारावरचा रखवालदार लांबून बघत होता, त्यालाही ओढून आणलं. "सर, पोट आत घिऊ नका, श्वास अडकंल. ताई, तुमी मला फोनवर पहिल्यांदा काय म्हनलात ते आठवा. 'कशात नेला' म्हनलात." राजनंदिनीला हसू फुटलं. तंत्रज्ञांना काही कळलं नाही, पण तेही हसले. तोच फोटो तिने टिपला.

गावी आल्यावर बीडला काही कामाला गेली तेव्हा ती त्या दुरुस्तीवाल्यालाही भेटून आली. कंपनी हा सेन्सर बदलून देते, दुसऱ्या कुणाचा असा कॅमेरा आला तर त्याला सांगा, एवढंच म्हणाली. त्याने सर्व्हिस सेंटरचा नंबर उतरवून घेतला. शिवशंकर गुरुजींनी मदतीबद्दल काही घ्यायला नकार दिला, तर तिने त्यांच्या पाखरांचे चांगले फोटो मागवून घेतले आणि छापून शाळेला देऊन आली. आता त्यांच्या वर्गाच्या भिंतीवर खंड्या, वेडा राघू, कोतवाल असे ओळीने लावलेले आहेत.

पुण्याच्या फोटोच्या तीन प्रिंटा तिने नीट पुठ्ठ्यात बांधल्या. सोबत तिच्या आईने, कडूबाईंनी, घरी भाजून दळलेल्या येसराची पिशवी टाकली. येसर म्हणजे धान्य-मसाल्याचं पीठ, त्याच्या आमटीशिवाय आमच्याकडे पंगत होत नाही. ते पुडकं मात्र तिने कुरिअरने पाठवलं, आणि पोचेपर्यंत रोज त्याची चौकशी केली.

पोचल्यावर राजनंदिनीचा फोन आला. तंत्रज्ञांनी आपली प्रिंट घरी नेली होती. रखवालदाराने त्याची गावाकडे आईला पाठवली होती. तिसरी तिने स्वतःच्या टेबलावर काचेखाली ठेवली होती, आणि कॅमेरा घेऊन येणारे लोक ती बघून विचारत होते, हा कुणी काढला. उज्ज्वला ऐकत होती आणि "बरं झालं, बरं झालं" एवढंच म्हणत होती.

मग राजनंदिनीने विचारलं, "आणि ताई, या येसराचं करायचं काय असतं? आमच्याकडे कुणालाच माहीत नाही."

उज्ज्वला एकदम सावरून बसली. इतका वेळ तिला शब्द सापडत नव्हते, ते आता सापडले. "आधी तेलात लसणाची फोडणी करा. पाणी घाला, चांगलं उकळू द्या. येसर गार पान्यात कालवून घ्या, अन मग हळूहळू सोडा. गुठळी होऊ देऊ नका. अन ताई, पहिल्यांदा चुकलं तरी टाकून देऊ नका. मला फोन करा, मी सांगते."